आमच्या घरचं औषध

हे औषध कशासाठी आहे

मास्तरांच्या बायकोनं औषधाच्या खोक्यातला कागद टेबलावर उलगडायला घेतला, तर तो उलगडतच गेला. दोन्ही बाजूंना मुंगीएवढी अक्षरं. कागद पुन्हा मिटू नये म्हणून तिनं कोपऱ्यांवर हाताला येईल ते ठेवलं: कात्री, दोऱ्याचं रीळ, टोपाच्या जाळीचा गठ्ठा आणि मास्तरांचा अर्धा प्यालेला चहा. मग मास्तरांचंच भिंग घेऊन ती ओळीमागून ओळ वाचायला लागली.

मास्तर समोर लाकडी डोकं मांडीत धरून बसले होते. डोक्यावर जाळी ताणलेली, आणि जाळीत ते बारीक आकड्यानं एकेक केस ओवून गाठ मारत होते. नाटकातल्या सेनापतीचा केसांचा टोप होता. सेनापती पहिल्याच अंकात मरणार होता, पण टोपात कसर करायची नाही ही मास्तरांची जुनी खोड. नाटकवाल्यांच्या तीन पिढ्यांच्या डोक्यांवर त्यांनी केस चढवले होते, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

"अहो, तुमचं नावच नाही यात."

"माझं नाव कशाला असेल?"

"तुमचं म्हणजे तुमच्या गाठीचं. स्तनाचा कॅन्सर आहे, जठराचा आहे. कानाखालच्या गाठीबद्दल अक्षर नाही. दोनदा बघितलं."

"मग तिसऱ्यांदा बघ."

"चेष्टा सुचतेय. चुकीच्या खोक्यातला नाही ना दिला त्यांनी?"

कागद तिनं सिस्टरकडून हट्टानं मागून आणला होता, आदल्या दिवशी इस्पितळात चाचणीच्या संमतीपत्रावर सह्या करून परतताना. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं, पण बायकोचा छापील अक्षरावर जास्त भरवसा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, लाळेच्या ग्रंथीतली ही असली गाठ इतकी दुर्मीळ, की त्यांनी स्वतः हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्यात. एवढ्याशा माणसांसाठी नवं औषध कोण काढणार? पण गाठीच्या पेशींवर एक खूण सापडली होती. तीच खूण काही बायकांच्या स्तनांतल्या गाठींवर असते, आणि त्या खुणेवर जाणारं औषध बाजारात केव्हाचं आहे. ते या गाठीवर चालतं का, हे कुणी नीट तपासलेलं नाही. ते आता तपासायचं. मधून मधून स्कॅन. गाठ वाढली तर औषध बंद.

"आणि बंद झाल्यावर?" बायकोनं विचारलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "मग मी पुन्हा शोधायला बसेन."

थापा मारणारी बाई नाही, एवढं मास्तरांना तेव्हाच कळलं.

त्यांनी केसांची पुढची बट ओठांत धरली. चाळीस वर्षांची सवय ती. एक हात जाळीवर, एक आकड्यावर, आणि पुढचे केस ओठांत तयार. बट सुळकन खाली घसरली. पहिल्या ऑपरेशनपासून चेहऱ्याची डावी बाजू उतरली होती. त्या बाजूचा ओठ काही धरून ठेवत नव्हता. बायकोनं भिंगावरून पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मास्तरांनी वाकून केस उचलले.

हे औषध कोणी घेऊ नये

"नातेवाइकांनी बाहेर थांबायचं हं काका," पहिल्या डोसच्या दिवशी दारातल्या सिस्टर मास्तरांना म्हणाल्या. "पेशंटला फक्त आत सोडा."

"मीच पेशंट आहे."

खोलीत अर्धवर्तुळात आरामखुर्च्या मांडलेल्या होत्या. प्रत्येक खुर्चीत एक बाई, प्रत्येक बाईच्या शेजारी खांबाला टांगलेली पिशवी. कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाला लोकरी टोपी, कुणाचं डोकं तसंच उघडं. त्यांना बघून एकीनं पदर सारखा केला. मास्तरांना वाटलं, आपण चुकून बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरलो. नाटकाच्या दौऱ्यावर असं एकदा झालंही होतं, पण तेव्हा निदान पळता आलं होतं.

"काय झालंय तुम्हाला?" खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला. खणखणीत, गर्दीतून वाट काढायची सवय असलेला.

मास्तरांनी कानाखाली बोट दाखवलं.

"आणि पिशवीत काय देतायत?"

सिस्टरनी औषधाचं नाव सांगितलं.

"म्हणजे आमचं!"

"तुमचंच," मास्तर म्हणाले. एका बाजूनं हसायला गेले आणि नेहमीसारखं ते रडल्यासारखं दिसलं असणार, कारण पदर सारखा करणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर एकदम माया आली.

"या मग, बसा. नव्या माणसाची खुर्ची दाराजवळची. येणाऱ्याजाणाऱ्याचा वारा लागतो, पण सुरुवात सगळ्यांची तिथूनच. जसजसं जुनं होत जाल तसतसं खिडकीकडं सरकायचं. मी सगळ्यात जुनी." मग तिनं बोट उगारून दम दिला. "आणि हे बघा, आमच्या घरचं औषध आहे. जपून घ्या. सांडायचं नाही."

खोली हसली. मास्तर दाराजवळच्या खुर्चीत टेकले.

ती बाई गाडी चालवायला शिकवायची. निम्म्या शहरानं पहिला ब्रेक तिच्या शेजारी बसून दाबलेला. सगळ्याजणी तिला ताई म्हणत. तिच्याहून मोठ्या होत्या त्यासुद्धा.

औषध कसे देतात

हळूहळू देतात. थेंबाथेंबानं, दर तीन आठवड्यांनी. त्यामुळं बोलायला वेळ पुष्कळ.

"मास्तर, हा शुद्ध अन्याय आहे," ताई म्हणाली. एव्हाना मास्तर दोन खुर्च्या पुढं सरकले होते. "औषध आमचं, आणि केस मात्र तुमचे शाबूत. बघा गं, कसे दाट आहेत. या वयात!"

"तुम्हाला सोबत दुसरं कडक औषध आहे, त्यानं जातात," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना नुसतं हेच आहे."

"म्हणजे मिरची आम्हाला आणि साखर यांना."

"मी टोप करतो," मास्तरांच्या तोंडून गेलं. कुणी विचारलं नव्हतं.

एकदम सगळ्याच बोलायला लागल्या.

पुढच्या वेळी ताईनं पर्समधून एक पिशवी काढली आणि पिशवीतून वेणी. कंबरेइतकी लांब, दोन्ही टोकांना रबर लावलेली. पहिला डोस घ्यायच्या आधीच तिनं ती कापून ठेवली होती. "गळून मोरीत जाण्यापेक्षा हातानं कापलेली बरी, असं म्हटलं. तेव्हापासून कपाटात पडलीय. उघडलं की दचकायला होतं मेलं. हिचं काहीतरी करा."

मास्तरांनी वेणी तळहातावर तोलली. नाकाशी नेली, टोकं बोटांत चोळून पाहिली. मग खिशातून फीत काढून ताईच्या डोक्याचं माप घेतलं; कपाळापासून मानेपर्यंत, कानापासून कानापर्यंत. ताई एवढी बडबडी, पण माप घेताना डोळे मिटून गप्प बसली. बऱ्याच दिवसांत तिच्या डोक्याला सुईशिवाय, तपासणीशिवाय कुणाचा हात लागला नसावा.

टोप झाला आणि साफ फसला.

मास्तर आयुष्यभर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी टोप करत आले होते. तिथून केस दाट दिसायला हवेत, भांग सरळ, कपाळावरची रेघ ठसठशीत. ताईनं टोप चढवला. सिस्टरनी आरसा धरला. ताईनं आपल्या सवयीनं आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं, मग मधोमध.

"मास्तर," ती म्हणाली, "मी आता कुणाचं मुंडकं छाटायचा हुकूम देऊ?"

खोली खो खो हसली. पदरवाल्या बाईच्या पिशवीची नळी हलली म्हणून सिस्टर ओरडल्या. मास्तरही हसले, पण घरी जाताना रिक्षात टोपाचा डबा मांडीवर घट्ट धरून बसले. इतक्या वर्षांत त्यांचा टोप कधी परत आला नव्हता.

जवळून बघायच्या डोक्याला केस कमी लागतात, हे त्यांना या वयात शिकावं लागलं. ते रोज थोडे उपसायला बसले. मारलेली गाठ सोडवणं मारण्यापेक्षा वेळखाऊ. भांग किंचित वाकडा केला. पण कपाळाजवळ, कानशिलांवर काही केल्या जमेना. तिथं माणसाला बारीक, आखूड, अर्धे पिकलेले केस असतात, आणि तसले केस वेणीत कधी येतच नाहीत. दुकानातून आणून लावले तर ते मेल्यासारखे पडले. त्यांनी तेही उपसले.

होऊ शकणारे त्रास

थंडी वाजून येते. कागदात आहे.

पोट बिघडतं. कागदात आहे.

हृदय तपासत राहावं लागतं. आहे.

शेजारचा गृहस्थ विचारतो, "ते बायकांचं औषध ना हो? आवाजबिवाज बदलणार नाही ना?" आणि बायको घरातून ओरडते, "बदलला तर बरंच, तेवढाच गोड होईल." हे कागदात नाही.

स्कॅनच्या आदल्या आठवड्यात नवराबायको एकमेकांशी फार गोड बोलायला लागतात. नाही.

बोट सारखं कानाखाली जातं. गाठ लागते तेवढीच वाटते. मग लहान वाटते. मग आपण आपल्याला फसवतोय असं वाटतं. बायको झोपेतून हात बाजूला करते. हेही नाही.

स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एकात मानेत अक्रोडाएवढं काहीतरी, फुप्फुसात पांढरे ठिपके. दुसऱ्यात अक्रोडाचा शेंगदाणा झालेला, आणि ठिपके शोधावे लागत होते.

"लागू पडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज डॉक्टरचा ठेवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. "नुसतं तुमच्यापुरतं नाही. आता या गाठीच्या आणखी लोकांना घेता येईल. एकजण तर वाट बघतोय."

बायकोनं पर्स उघडली, आत काहीतरी शोधलं, आणि काहीही न काढता बंद केली.

"आणि तोंड?" मास्तरांनी डाव्या गालाला हात लावला.

"ती नस गेलेली आहे. ती आता परत नाही यायची."

मास्तरांनी मान हलवली. मागितलं ते मिळालं होतं. त्यावर आणखी घासाघीस करायला ते भाजीवाल्याकडं आले नव्हते. तरी डोळ्यांपुढं ओठांतून घसरणारी बट येऊन गेली.

"मी जरा खुर्च्यांच्या खोलीत सांगून येतो," ते बायकोला म्हणाले, आणि लहान मुलासारखे जिन्याकडं निघाले.

एखादा डोस चुकल्यास

खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती.

पिशव्या लटकत होत्या, रेडिओ हलक्या आवाजात चालू होता, पण कुणी कुणाची थट्टा करत नव्हतं. दाराजवळ एक नवीन मुलगी बसलेली. जुन्यांपैकी बऱ्याचजणींचा कोर्स संपून गेला होता. पदरवाली बाईसुद्धा गेल्या खेपेला पेढे वाटून सगळ्यांना भेटून गेली होती.

"ताई?" मास्तरांनी विचारलं.

सिस्टर पिशवीवरचं लेबल वाचत राहिल्या. "खाली गाडीत असतील. वर आल्या होत्या."

ताई इमारतीच्या मागे तिच्या शिकवायच्या गाडीला टेकून उभी होती. छतावर लाल अक्षरांची पाटी, शेजारच्या सीटपुढं जादाचा ब्रेक. डोक्याला रुमाल. मास्तरांना बघून ती सरळ झाली.

"या मास्तर. स्कॅन होता ना तुमचा? काय म्हणतो?"

जिना उतरून दम लागलाय असं दाखवत मास्तर थांबले. "अजून... सगळं बघायचंय त्यांना. एकदम सांगत नाहीत."

ताईनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं.

"इंडिकेटर उजवा देताय आणि वळताय डावीकडं. आयुष्यभर मी हेच पकडत आलेय, मास्तर. लहान झाली ना?"

मास्तरांनी खाली बघितलं. "झाली."

"किती?"

"अर्ध्याहून."

ताईनं गाडीच्या टपावर हळूच हातानं थोपटलं, दोनतीनदा, एखाद्या जनावराला थोपटावं तसं.

"माझी वाढली," ती म्हणाली. "यकृतातसुद्धा गेलीय. हे औषध बंद केलं त्यांनी. आता दुसरं, वरच्या मजल्यावर." ती थांबली. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला. "बघा की. आमच्या घरचं औषध, लहानाचं मोठं आम्ही केलं, आणि आम्हाला सोडून तुमच्याकडं नांदायला आलं."

मास्तरांचा अर्धा चेहरा तसाही बोलत नव्हता. आता उरलेला अर्धाही गप्प झाला.

"ओ मास्तर. असं तोंड करू नका. आनंदच झालाय मला. थोडा रागही आलाय, पण तो तुमच्यावर नाही." तिनं गाडीचं दार उघडलं. "आणि टोपाचं काम सोडू नका. नव्या औषधानंही केस जाणारच म्हणे. म्हणजे तुमची मेहनत वाया जात नाही."

मास्तर वर आले. सिस्टरनी खिडकीकडं हात केला. "आता तुम्हीच सगळ्यात जुने, काका."

मास्तर आपल्या मधल्याच खुर्चीत बसले. त्या खेपेला आणि त्याच्या पुढच्याही खेपेला. खिडकीजवळ दुसरं कुणी बसलंही नाही.

उरलेल्या औषधाचे काय करावे

"मागून काप. कानांच्या वरचे, मानेजवळचे. आखूड असले तरी चालतील," मास्तर म्हणाले.

बायको कात्री घेऊन मागं उभी राहिली. "उंदरानं कुरतडल्यासारखं दिसेल."

"दिसू दे."

"विकतचे मिळत नाहीत का बारीक?"

"आणले होते. चांगले नाहीत."

तिनं त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि कापायला सुरुवात केली. पांढरे, करडे, काही अजून काळे. मास्तरांनी ते कागदावर जमवले. तो औषधाचाच कागद होता, टेबलावर कधीचा पडून राहिलेला. केस धुतले, वाळवले, जाडीप्रमाणे वेगळे केले. मग लाकडी डोकं मांडीत घेतलं.

पहिलीच बट ओठांतून घसरली. दुसरी उजव्या कोपऱ्यात धरून पाहिली, तीही सुटली. आखूड केसांना लांबच्यासारखी पकड मिळत नाही.

बायको समोर खुर्ची ओढून बसली. बट आपल्या दोन बोटांत धरून तिनं हात त्यांच्या तोंडासमोर आणला, जिथं ओठ असतात बरोबर तिथंच.

"हं."

मास्तरांनी आकडा घातला, एक केस ओढून घेतला, गाठ मारली. "थोडं खाली धर."

"हं."

"जास्त खाली नको."

"ओठाला एवढ्या सूचना देत होतात का?"

मास्तर हसले. आकडा हलू नये म्हणून थांबले, आणि मग पुन्हा ओवायला लागले.

पुढच्या खेपेला ते खोलीत गेले तेव्हा ताई खिडकीच्या खुर्चीमागं उभी होती. वरच्या मजल्यावरून खास खाली आली होती. गाल आत गेलेले, पण आवाज तसाच.

"आणा इकडं. राणीसरकारांचा मुकुट."

तिनं रुमाल सोडला. मास्तरांनी टोप चढवला, मागं ओढून बसवला, कपाळाजवळ बोटानं दाबला. खोलीतल्या बायका माना वळवून बघत होत्या. सिस्टरनी आरसा धरला.

डावीकडं. उजवीकडं. मधोमध.

यावेळी आरशात रस्त्यानं जाताना दिसेल अशी एक बाई होती. भांग जरा वाकडा, घाईत निघाल्यासारखा. तिनं बोट कानशिलाकडं नेलं. तिथले बारीक, पिकू लागलेले केस बोटाला लागून हलले आणि आपोआप जागेवर आले.

"हे माझ्या वेणीत नव्हते, मास्तर."

"नव्हते."

"विकत आणलेत?"

मास्तर टोपाचा डबा बंद करायला वाकले होते. झाकण नीट बसेना. "नाही," ते म्हणाले. "घरचेच आहेत."

ताई आरशातच बघत होती. पण आता तिची नजर स्वतःवर नव्हती. ती मागं होती, वाकलेल्या माणसाच्या मानेवर.

तिनं सिस्टरच्या हातातला आरसा हळूच खाली केला. खुर्चीच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"बसा," ती मास्तरांना म्हणाली. "रस्ता अडवून उभं राहायचं नाही. मागं माणसं आहेत."

दाराजवळच्या खुर्चीत एक माणूस बसला होता. मानेला पट्टी, मांडीवर पिशवी, इतक्या बायकांत नजर कुठं ठेवावी हे न कळून पंख्याकडं पाहत असलेला.

मास्तर खिडकीजवळ बसले. सिस्टरनी सुई लावली, पिशवी टांगली, नळीतून पहिला थेंब पडला. खाली ताई गाडीत बसताना दिसली. तिनं पट्टा लावला, हात वर करून मधला आरसा स्वतःकडं वळवला आणि कानशिलावरून एकदा बोट फिरवलं. मग आरसा पुन्हा मागच्या रस्त्याकडं केला आणि गाडी बाहेर काढली.

"काका," मास्तरांनी दाराकडं पाहून हाक मारली, स्वतःहून चार वर्षांनी तरी लहान असलेल्या त्या माणसाला. "असे बिचकू नका. आमच्या घरचं औषध आहे."